दान द्यावे पत्ता विचारून

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या मराठी घरांत फराळाच्या तयारीबरोबर आणखी एका गोष्टीची लगबग सुरू होते. निवेदने येऊ लागतात. कुणाच्या कुलदैवताच्या सभामंडपाचे काम अडलेले असते, कुठल्या वाचनालयाचे छप्पर गळत असते. कुठे वसतिगृह, कुठे गोशाळा, तर कुठे अन्नछत्र. पूर्वी ही निवेदने टपालाने येत आणि त्यांच्यासोबत मनिऑर्डरचा कोरा फॉर्म असे. आता ती मोबाईलवर येतात आणि खाली पैसे पाठविण्याचा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन असतो. साधन बदलले, आपली रीत मात्र तशीच राहिली आहे. वांगी घेताना दोन गाड्यांवर भाव विचारणारे आणि मुलीचे स्थळ पाहताना चार घरी चौकशी करणारे आपण, दान देताना काहीच विचारीत नाही. ‘देवाचे काम आहे’ एवढे शब्द कानी पडले की हात खिशाकडे जातो आणि बुद्धी विश्रांती घेते.

माझे घराणे मूळचे गोव्याच्या पेडणे तालुक्यातील हळर्णचे. चार पिढ्यांपूर्वी ते माळव्यात आले आणि होळकरांच्या इंदुरात स्थिरावले. इथे अशी घरे पुष्कळ आहेत. कुणाचे दैवत गोव्यात, कुणाचे सावंतवाडीकडे, कुणाचे कऱ्हाडच्या बाजूला. गावाची भाषा विसरली, वाट विसरली. उरला तो कुलाचार आणि कुलाचारापोटी पाठवायची रक्कम. म्हणून या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार हळर्णच आठवते, आणि त्याला कारणही तसेच आहे.

हळर्णला नदीकाठी एक लहानसा किल्ला आहे. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मैद याने तो जिंकला. या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला किताब दिला तो ‘मार्केझ द आलोर्न’, म्हणजे हळर्णचा मार्क्विस. पुढे तो मुलूख पुन्हा सावंतांकडे गेला आणि १७८० नंतरच्या दशकात पेडणे महालाबरोबर कायमचा पोर्तुगिजांच्या हाती पडला. किताब मात्र लिस्बनच्या त्या घराण्यात राहिला. त्या व्हाइसरॉयची नात लिओनोर (१७५०–१८३९) ही पोर्तुगीज भाषेतील नामांकित कवयित्री. तिथले लोक तिला आजही ‘आलोर्नची मार्केझा’ म्हणून ओळखतात. लिस्बनच्या सरदारदरबारी हळर्णचे नाव पिढ्यान्‌पिढ्या गाजले. पण त्या गाजण्यातून हळर्णला काय मिळाले, असे विचारले तर उत्तर द्यायला जागा नाही.

आता हसू नका, पण देवळाच्या पायरीवर, बाकाच्या पाठीवर आणि पंख्याच्या पात्यावरसुद्धा स्वतःचे नाव रंगवून घेणारे आपण दाते त्या मार्क्विसाहून फार वेगळे आहोत काय? गावाचे नाव आपल्या नावाला जोडले जाते, आपले नाव गावच्या फरशीला जोडले जाते. त्या गावात त्या पैशाचे काय झाले, हे मात्र ना आपल्याला ठाऊक असते ना ठाऊक करून घ्यावेसे वाटते.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. ‘दान गुप्त असावे. या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये.’ वचन थोर आहे, परंतु आपण त्याचा अर्थ सोयीने उलटा केला आहे. गुप्त ठेवायचे ते दात्याचे नाव. दानाचा हिशेब नव्हे. आपण मात्र नाव संगमरवरावर कोरतो आणि हिशेब गुप्त राहू देतो! शास्त्रकारांनी दानाला पात्र पाहावे असे आवर्जून सांगितले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या लक्षणांत देश, काल आणि पात्र या तिन्हींचा विचार आहे, आणि अवेळी, अपात्री दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे. देण्यापूर्वी चौकशी करणे ही श्रद्धेतली उणीव नसून दानविधीचाच तो पहिला भाग आहे.

आपल्या पूर्वजांना हे नीट कळत होते. जुने ताम्रपट पाहा. जमीन दान दिली तर तिच्या चारही सीमा, तिचे उत्पन्न, ते कशासाठी वापरायचे, साक्षीला कोण होते, हे सारे त्यात खोदलेले असते. कोकणातील शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ तर याहून रोखठोक. हे दान जो मोडील त्याच्यासाठी दगडावर गाढवाचे चित्र कोरून अशी शिवी लिहिलेली असते, की ती या पानावर छापता येणार नाही. आज आपल्याला ते ग्राम्य वाटते. पण त्या काळी लेखापरीक्षक नव्हता, न्यायालय दूर होते. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही समजेल असा हा सार्वजनिक इशारा भर रस्त्यात उभा केलेला असे. दान लोकांचे, म्हणून त्याच्या अटीही लोकांसमोर.

आणि नुसती अट घालूनही ते थांबत नसत. आपल्या माळव्याशी ज्यांचा संबंध, त्या रामचंद्र मल्हार सुखटणकरांचेच उदाहरण घ्या. इतिहासात रामचंद्रबाबा शेणवी म्हणून ओळखले जाणारे हे राणोजी शिंद्यांचे दिवाण. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या देवळाच्या उभारणीचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि आपल्या गोव्यातील कुलदैवताला, श्रीमंगेशाला, १७३९ साली पेशव्यांकडून मंगेशी गावाचे उत्पन्न लावून देण्यामागेही तेच होते. त्याच सुमारास वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे नारो राम मंत्री यांच्या प्रयत्नाने कवळ्याच्या शांतादुर्गेचे देऊळ उभे राहिले आणि छत्रपती शाहूंकडून कवळे गाव देवीकडे आला. या दोघांनी एकदाच रक्कम देऊन हात झटकले नाहीत. देवळाचा रोजचा दिवा, नैवेद्य आणि डागडुजी कोणत्या उत्पन्नातून चालेल, याची तजवीज त्यांनी केली. दूर राहून दान कसे द्यावे याचा तो धडा आहे. आपण चौथ्या पिढीचे परगावचे लोक त्यातले ‘दूर राहून’ तेवढे शिकलो.

पैसा कुठे जातो, हा प्रश्न विचारणाऱ्याला पाखंडी म्हणण्याची खोडही जुनीच. पेशवाईत पुण्यास श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. हेतू विद्येचा, पण काळ जाऊ लागला तसा गर्दीत विद्वान कोण आणि रांगेतला कोण हे कळेनासे झाले. इंग्रजी अमलात ती दक्षिणा चालू राहिली, तेव्हा लोकहितवादींनी १८४८ नंतर ‘प्रभाकर’मधील शतपत्रांतून या प्रकारावर कोरडे ओढले. त्यांच्यावर व त्यांच्या मंडळींवर काय वाग्बाण सुटले असतील ते सांगायला नको. परंतु त्याच रेट्यातून १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी झाली आणि त्या निधीचा वाटा मराठी ग्रंथांना मिळू लागला. दान बंद झाले नाही. योग्य जागी वळले. विचारलेल्या प्रश्नाने दान आटत नाही, हे यावरून दिसते.

प्रश्न न विचारल्याने काय होते, तेही आपल्याच शहराने पाहिले आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी दरबारचा खजिना आणि आपली खासगी वेगळी ठेवली आणि काशीपासून रामेश्वरपर्यंतची धर्मकार्ये त्या खासगीतून केली. हिशेब वेगळा ठेवणे हेच त्यांच्या धर्माचे पहिले पाऊल होते. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा खासगीच्या मिळकती व उत्पन्न नव्या सरकारकडे गेले आणि त्याबदल्यात सरकारने धर्मकार्यांसाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला काढावेत असे ठरले. १९६२ साली त्या कार्यासाठी न्यास झाला. त्याच्या यादीत देशभरच्या २४६ मिळकती आहेत: देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाकडील मिळकतीच्या विक्रीवरून तक्रारी झाल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथे २०२० साली निकाल झाला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये आपला निर्णय दिला. हा न्यास सार्वजनिक आहे, १९५१ च्या मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी झालीच पाहिजे, आणि मिळकतींच्या ज्या विक्री झाल्या त्यांची कागदपत्रे मागवून न्यासाचे नुकसान झाले काय हे रजिस्ट्रारने तपासावे, असा त्याचा आशय आहे.

कोण दोषी, कोण निर्दोष, हा माझा विषय नाही. ते तपासायला अधिकारी आहेत. माझा विषय आपण आहोत. १९६२ पासून २०२२ पर्यंत साठ वर्षे होतात. या साठ वर्षांत या शहरात अहिल्याबाईंच्या किती पुण्यतिथ्या झाल्या, किती पालख्या निघाल्या, किती भाषणे झाली! त्या गर्दीतल्या कितीजणांनी न्यासाची नोंदणी झाली आहे काय, यादी कुठे पाहावयास मिळेल, एवढे साधे विचारले? आपल्या कायद्यात जिल्हाधिकारी हेच सार्वजनिक न्यासांचे रजिस्ट्रार असतात, आणि त्यांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. ही माहिती गुप्त नव्हती. ती विचारण्याची सवय मात्र आपल्याला नव्हती.

गोव्यात वाट वेगळी आहे, आणि पैसे पाठवणाऱ्या आपणा मंडळींना ती माहीत असावी. महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याने धर्मादाय आयुक्त आहे. गोव्यातील देवस्थानांचा कारभार मात्र पोर्तुगीज अमदानीत १८८६ साली झालेल्या आणि १९३३ साली सुधारलेल्या माझनियांच्या नियमावलीने चालत आला आहे. माझनी म्हणजे महाजनांची संस्था. महाजनांची नावे नोंदलेली असतात, ते दर तीन वर्षांनी समिती निवडतात. त्यात अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार असे अधिकारी असतात. देवस्थानांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी म्हणजे तालुक्याचा मामलेदार. अंदाजपत्रक त्याच्यापुढे जाते. व्यवस्था परकीयांनी केली असली तरी वाईट नाही. मात्र तीत एक खोच आहे. महाजनाला मत असते, कुळाव्याला आणि भजकाला नसते. आणि बाहेरगावाहून रकमा पाठवणारे आपल्यापैकी बरेचजण कुळावी नाहीतर भजकच असतात. म्हणून कुणी म्हणेल, आम्ही कोण विचारणार? प्रश्न विचारायला मत लागत नाही. ज्याने तांदूळ दिले त्याला भात शिजला काय, एवढे विचारण्याचा अधिकार आहे.

आतापर्यंत मी पैशाच्या अपहाराबद्दल बोलतो आहे असे वाटले असेल. पण मला त्याहून मोठी भीती वाटते ती प्रामाणिक नासाडीची. पै न्‌ पै जमाखर्चात आहे, पावत्या चोख आहेत, आणि तरीही काम वाईट झाले, असे होऊ शकते. नव्हे, होते. गोव्याच्या आणि दक्षिण कोकणाच्या जुन्या देवळांत भिंतींवर कावीची चित्रे असत. चुन्याच्या गिलाव्यावर काव या तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ती कला. लाकडी खांबांवर नक्षी, वर कौलारू छप्पर. ‘जीर्णोद्धार’ या पवित्र शब्दाखाली यांतले कितीतरी पाडले गेले आणि त्या जागी सिमेंटचा स्लॅब आणि गुळगुळीत फरशी आली. हा पैसा कुणी खाल्ला नाही. तो आपणच भक्तिभावाने पाठवला, आणि आपल्या पणजोबांनी ज्या भिंतीला डोके टेकले ती भिंत आपल्याच पैशाने पडली.

याउलट डिचोली तालुक्यातील नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहा. १६६८ साली शिवछत्रपतींनी ते नव्याने उभारण्याची आज्ञा दिली. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याची दुरुस्ती करविली आणि २०२३ साली ते पुन्हा खुले झाले. जुनी वास्तू राखूनही ती टिकाऊ करता येते, हे तिथे डोळ्यांनी दिसते. तेव्हा देवळाच्या निधीस रक्कम देताना ‘काय बांधणार?’ याच्या आधी ‘काय पाडणार?’ हे विचारावे. हा प्रश्न कुठल्याही लेखापरीक्षकाच्या तक्त्यात नसतो. तो दात्यानेच विचारायचा असतो, आणि तोही पैसे देण्यापूर्वी. भिंत पडल्यावर हिशेब तपासून तिचा उपयोग काय?

मी स्वतः असे विचारीत असतो, आणि दोन्ही प्रकारची उत्तरे मला मिळाली आहेत. कोकणपट्टीतील एका देवस्थानच्या समितीला मी पत्राने तीन गोष्टी विचारल्या: नोंदणी कुठे आहे, आराखडा कुणी केला, आणि जुन्या सभामंडपाचे लाकूडकाम कुठे जाणार आहे? उत्तर एका ओळीचे आले, ‘श्रद्धा नसेल तर देऊ नये.’ मी दिले नाही. त्याच वर्षी एका लहान वाचनालयाच्या चिटणिसांना असेच विचारले, तर त्यांनी वहीच्या पानांची नक्कल पाठवली. पत्र्यांना इतके, सुताराला इतके, हमालीचे इतके, आणि शेवटी, ‘शिल्लक रुपये ३४०, पुढच्या पावसाळ्यात लागतील.’ त्या शेवटच्या ओळीवर माझा जो विश्वास बसला, तो कुठल्याही रंगीत अहवालाने बसला नसता.

परंतु न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावची समिती चालवणारी माणसे बहुधा फुकट राबतात. त्यांतला एखादा शिक्षक, एखादा दुकानदार. रात्री पेट्रोमॅक्स नसला तरी मोबाईलच्या उजेडात वह्या भरणारा. परगावच्या दात्याने दोन हजार पाठवून वीस प्रश्न करावेत, हाही अन्याय आहे. शिवाय हिशेब फुकट होत नाही. लेखापरीक्षकाची फी, कारकुनाचा पगार, टपाल, छपाई यांना पैसे लागतात, आणि याच बाबींना पैसे द्यायला आपण नाखूष असतो. सगळ्यांना कळस हवा, हिशेबाची वही कुणाला नको. ज्याला आपला पैसा कुठे गेला हे कळायला हवे, त्याने देणगीतला थोडा भाग ‘कार्यालयीन खर्चासाठी’ म्हणून आनंदाने द्यावा. त्या भागावर नाव कोरले जाणार नाही. पण खरे गुप्तदान तेच.

तेव्हा प्रश्न थोडे असावेत आणि नेमके असावेत. संस्थेची नोंदणी कुठे व कोणत्या क्रमांकाने झाली आहे? गेल्या वर्षीचा तपासलेला जमाखर्च पाहावयास मिळेल काय? पैसे संस्थेच्या नावच्या खात्यात जाणार की कुणा व्यक्तीच्या? हे काम पूर्ण व्हायला एकूण किती लागणार, आणि तेवढे न जमल्यास जमलेल्या रकमेचे काय? आणि जुने असे काय मोडणार? पाच प्रश्न. चांगल्या संस्थेला यांची उत्तरे देण्यास एक पोस्टकार्ड पुरे. आयकराची सूट मिळते म्हणून काम चोख, असे मात्र समजू नये. ती सूट संस्थेच्या नोंदणीवर मिळते. काम कसे झाले याची ग्वाही तिच्यात नसते. आणि आपली जी मुले परदेशी आहेत त्यांनी एवढे ध्यानात धरावे, की परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर त्यांची देणगी परकीय ठरते आणि ती स्वीकारायला संस्थेपाशी वेगळी सरकारी परवानगी लागते. ती नसताना पाठवलेला पैसा गावच्या समितीला अडचणीत टाकील.

आणखी एक करता येईल. या शहरात एकाच दैवताची दहा-वीस घराणी असतात. प्रत्येकाने वेगवेगळे पाठवण्याऐवजी एकत्र बसावे, तीन वर्षांतून एकदा दोघांना गावी धाडावे आणि त्यांनी परत येऊन बाकीच्यांना सांगावे: दिवा लागतो काय, छप्पर गळते काय, वही मागितली तर समोर येते काय. रामचंद्रबाबांनी माळव्यात बसून जे साधले ते आपल्याला जमू नये असे नाही. उलट आपल्याला आगगाडी आहे, फोन आहे. नाही ती फक्त उत्सुकता.

दान देताना मन मोठे असावे, हे आपण मुलांना शिकवतो. डोळे उघडे असावेत, हेही शिकवू या. हळर्णचा किल्ला आज राज्याचे संरक्षित स्मारक आहे. कधी गोव्यास जाल तर समुद्रकिनारा आटोपल्यावर तिकडे वळा, आणि गावात गेल्यासारखे आपल्या देवळाची वहीही पाहून या.